सरासरीत न मावणारे स्पंद

पल्सर म्हणजे स्वतःभोवती भराभर फिरणारा, दर फेरीला रेडिओ लहरींचा स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा. त्याच्यावर काम करणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक गट पल्सरला घड्याळ मानतो. त्याच्या ठोक्यांवरून हा गट गुरुत्वीय लहरींचा माग काढतो, आइनस्टाइनचे सिद्धांत पारखतो, न्यूट्रॉन ताऱ्यांची वजनं काढतो. दुसरा गट लहान आहे. हा तारा मुळात रेडिओ लहरी पाठवतो तरी कसा, एवढाच त्याचा प्रश्न. मी या दुसऱ्या गटातली. पुणे-खोडद वाटेवरच्या फेऱ्या, निरीक्षणाच्या रात्री आणि त्याहून कितीतरी जास्त वेळ संगणकापुढे घालवलेले दिवस यांतून जे उमगत गेलं ते इथे लिहिते आहे. आकडे घातले आहेत ते वाचायला सोपं जावं म्हणून, उतरंड म्हणून नाही.

१. पल्सर एकदम दिसत नाही, तो साठत जातो. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा डिश साधारण एक किलोमीटरच्या चौकात आहेत आणि बाकीच्या तीन भुजांवर, पार पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. निरीक्षणाआधी या सगळ्या एका ठाऊक असलेल्या स्रोताकडे वळवून एकमेकींशी जुळवून घ्याव्या लागतात. वरचं आयनांबर हललं की जुळणी सुटते, मग तास-दोन तासांनी पुन्हा तेच. एवढं करूनही बहुतेक पल्सरांचा एकेकटा स्पंद खरखरीच्या खालीच राहतो. ताऱ्याचा परिवलनकाळ ठाऊक असेल तर नोंदीचे तेवढ्याच लांबीचे तुकडे पाडायचे आणि एकावर एक रचायचे. खरखर सपाट होत जाते. स्पंद दर वेळी त्याच जागी पडतो, म्हणून तो वर येतो. हजारो फेऱ्यांनंतर पडद्यावर जो उंचवटा उभा राहतो तो त्या ताऱ्याचा म्हणून कायमचा ओळखता येतो. मी अजूनही हे रचणं शेवटपर्यंत पाहते. संगणकाला सांगून चहाला जाता येतं, पण मला जायचं नसतं.

२. ज्या गोष्टीचा सुरुवातीला राग येतो, तीच पुढे साक्ष देते. तारा आणि आपण यांच्यामधली पोकळी पूर्ण पोकळ नाही. तिच्यात विखुरलेले मोकळे इलेक्ट्रॉन आहेत आणि ते कमी वारंवारतेच्या लहरींना जास्त उशीर करतात. उत्तरेच्या आकाशातला सर्वांत ठळक पल्सर म्हणजे बी ०३२९+५४. तो ०.७१४५ सेकंदांत एक फेरी घेतो. त्याचा एक स्पंद ५०० मेगाहर्ट्‌झवर येऊन गेला, की त्याच स्पंदाचा ३०० मेगाहर्ट्‌झवरचा भाग जवळजवळ ०.७९ सेकंदांनी पोचतो. म्हणजे एका स्पंदाचं शेपूट पोचेपर्यंत ताऱ्याची पुढची फेरी पुरी झालेली असते. वारंवारतेनुसार पडणाऱ्या उशिराने स्पंदाला येणारं हे वाकलेपण काढून टाकल्याशिवाय काहीच दिसत नाही, आणि शिकाऊ दिवसांत ही एक नसती कटकट वाटते. पण मोबाइलचा टॉवर, जाणारं विमान, ठिणगी टाकणारी मोटार यांचा आवाज ज्या ज्या वारंवारतांवर येतो, तिथे एकाच क्षणी येतो. त्याला वाकलेपण नसतं. एखादा अनोळखी स्पंद तिरका, नेमक्या वळणाचा दिसला, की तो या जमिनीवरचा नाही याची पहिली खूण हाती येते. प्रवासात जे बिघडलं, त्यानेच प्रवास झाल्याचं सिद्ध केलं.

३. आकाशाचं ऐकायला बसलं की आपल्या गावाचंच जास्त ऐकू येतं. खोडदची जागा निवडताना आसपास मोठी वस्ती-उद्योग नसणं आणि डोंगरांचा आडोसा असणं या दोन्ही गोष्टी पाहिल्या होत्या. गोविंद स्वरूप यांनी तिथे जाळीच्या, दोरखंडासारख्या ताणलेल्या तारांवर बेतलेल्या हलक्या डिश उभ्या केल्या. वारा त्यांच्यातून पार जातो आणि खर्चही आवाक्यात राहतो. पण जुन्नर-नारायणगावचा भाग थांबून राहिलेला नाही. टोमॅटो, द्राक्षं, शीतगृहं, घरोघरी मोबाइल. विजेच्या तारा ५० हर्ट्‌झच्या तालात बोलतात आणि वीस मिलिसेकंदांच्या आवर्तनाचं सोंग घेऊन नोंदीत शिरतात. एका रात्री पूर्वेकडच्या भुजेवरच्या डिशमध्ये अचानक खरखर वाढली. दुर्बीण चालवणारे काका मूळचे त्याच पंचक्रोशीतले.

“मॅडम, रात्रीची लाइट आली असंल. मोटारी चालू झाल्या.”

“थांबायचं का काका थोडा वेळ?”

“थांबून कसं चालंल? रात्रभर पाणी चालायचं त्यांचं. त्यांचं पाणी त्यांना, आपला तारा आपल्याला. तेवढ्या डिश बाजूला ठेवा आणि घ्या.”

तसंच केलं. शेतीला वीज रात्रीच्या पाळीत मिळते म्हणून माणसं त्या वेळी बांधावर असतात, आणि आम्हीही त्याच वेळी जागे असतो. त्यानंतर नोंदीतल्या त्या खरखरीकडे मी शत्रू म्हणून पाहू शकले नाही. ती काढून टाकावीच लागते, काढतेच. पण तिच्यामागे कुणीतरी पिकाला पाणी देत उभं आहे हे ठाऊक असतं.

४. नजरेला पर्याय अजून सापडलेला नाही. १९६७ मध्ये केंब्रिजजवळच्या शेतात खांब रोवून, तारा ताणून उभारलेल्या ८१.५ मेगाहर्ट्‌झच्या दुर्बिणीच्या नोंदी जोसलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी हाताने तपासत होती. रोज जवळपास तीस मीटर कागद. त्यावरच्या एका छोट्या, खुरटलेल्या खुणेकडे तिचं लक्ष गेलं, कारण ती खूण ताऱ्यांच्या वेळेने येत होती, घड्याळाच्या वेळेने नाही. मग कागद भरभर फिरवून नोंद घेतली आणि १.३३७ सेकंदांच्या अंतराने येणारे ठोके उमटले. १९७४ चं नोबेल तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं, तिला नाही. याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला मात्र तिचं २०१८ मधलं वागणं जास्त मोलाचं वाटतं. तीस लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, तो तिने सगळाच्या सगळा, ज्यांना भौतिकशास्त्रात सहसा जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकला. आता उमेदवार स्पंद निवडण्याचं काम संगणक करतो आणि चांगलं करतो. तरी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी आधी कच्ची नोंद डोळ्यांनी पाहायला बसवते. काय टाकून द्यायचं हे यंत्राला शिकवण्याआधी, आपण काय टाकतो आहोत ते त्यांनी पाहिलेलं असावं.

५. सरासरी खरी असते, पण ती घडलेली नसते. या एका गोष्टीने माझ्या कामाची दिशा ठरवली. रचून मिळालेलं सरासरी रूप वर्षानुवर्षं जवळजवळ तसंच राहतं. त्याच्यावरच घड्याळवाल्यांचा सगळा हिशेब उभा आहे. पण ठळक पल्सर घेऊन त्याचे स्पंद न मिसळता, एकाखाली एक मांडले तर त्या सरासरीसारखा दिसणारा एकही स्पंद सापडत नाही. एक डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसऱ्याला दोन शिखरं, चौथा जेमतेम. मी पहिल्यांदा असा पट मांडला तो बी ०८०९+७४ चा. १.२९ सेकंदांचा हा पल्सर अभ्यासकांचा जुना परिचयाचा आहे, आणि त्यात काय दिसायला हवं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरीही पडद्यावर त्या तिरप्या पट्ट्या उमटल्या तेव्हा मी खुर्चीवरून उठले. प्रत्येक फेरीत स्पंदाच्या आतला छोटा स्पंद, म्हणजे उपस्पंद, थोडा सरकतो, पुढच्या फेरीत आणखी थोडा, आणि साधारण अकरा फेऱ्यांनी पुढची पट्टी पहिलीच्या जागी येते. कितीतरी प्रकाशवर्षांपलीकडे, दहा-बारा किलोमीटर त्रिज्येच्या एका ताऱ्यावर काहीतरी शिस्तीत हलत होतं आणि त्याची चाल मला दिसत होती. सरासरीत यातलं काहीच उरत नाही. फक्त एक गुळगुळीत उंचवटा.

फ्रँक ड्रेक आणि हॅरल्ड क्राफ्ट यांनी ही सरक १९६८ मध्येच टिपली होती, पल्सरचा शोध जाहीर झाला त्याच वर्षी. इतक्या लवकर इतकी मोठी खूण हाती लागूनही उत्तर अजूनही मिळालेलं नसावं, याचं मला नवल वाटतं.

६. एखादं स्पष्टीकरण फार सुंदर असेल तर त्याच्याकडे दुप्पट लक्ष द्यावं. स्वतःभोवती फिरणारा, पृथ्वीच्या लाखो कोटीपट चुंबकीय क्षेत्र बाळगणारा तारा आपल्या पृष्ठभागावर प्रचंड विद्युत क्षेत्र तयार करतो. पीटर गोल्डराइक आणि विल्यम ज्युलियन यांनी १९६९ मध्ये दाखवलं, की अशा ताऱ्याभोवती निर्वात पोकळी टिकूच शकत नाही. विद्युतभारित कण ओढले जाणारच. पीटर स्टरॉक यांनी पुढे सांगितलं, की चुंबकीय ध्रुवावर वेग घेणारा कण गॅमा किरण सोडेल, त्या तीव्र चुंबकीय क्षेत्रात गॅमा किरणाचा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन होईल, ते दोघे पुन्हा वेग घेतील, आणि कणांचा पूर लोटेल. १९७५ मध्ये माल्विन रुडरमन आणि पीटर सदरलँड यांनी त्याला चित्र दिलं. ध्रुवाच्या टापूवर एक रिकामी फट, तिच्यात सुमारे एक लाख कोटी व्होल्ट, आणि त्या ताणाखाली उडणाऱ्या ठिणग्या. एका सेकंदात फेरी घेणाऱ्या ताऱ्याचा हा टापू जेमतेम दीडशे मीटर त्रिज्येचा. नारायणगावच्या एसटी स्टँडपासून बाजारापर्यंत पायी जावं, तेवढ्यात तो ओलांडून होईल. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या एकत्रित परिणामाने या ठिणग्या ध्रुवाभोवती हळूहळू फिरतात, आणि आपल्याला दिसणाऱ्या सरकत्या उपस्पंदांचं कारण हेच, असं ते चित्र.

मग १९९९ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले अविनाश देशपांडे आणि व्हर्माँटच्या जोअ‍ॅना रँकिन यांनी अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींवरून बी ०९४३+१० चा ध्रुवीय टापू अक्षरशः नकाशासारखा काढला. वीस ठिणग्या, एका वर्तुळात, साधारण ३७ परिवलनांत म्हणजे ४१ सेकंदांत एक प्रदक्षिणा. तो शोधनिबंध मी प्रथम वाचला तेव्हा रात्री झोप लागली नाही. स्पंदांच्या उंच-सखलपणातून कुणी इतक्या दूरच्या दीडशे मीटरांचा नकाशा काढू शकतो! आजही मी तो विद्यार्थ्यांना वाचायला देते. पण त्याबरोबर हेही सांगते, की सगळे पल्सर त्या चित्रात बसत नाहीत. पोकळ फटीच्या गणिताने ठिणग्या जितक्या वेगाने फिरायला हव्यात त्यापेक्षा प्रत्यक्षात त्या बऱ्याच सावकाश फिरतात. त्यावर यानुश गिल आणि सहकाऱ्यांनी सुचवलं, की फट पूर्ण रिकामी नसावी. तापलेल्या पृष्ठभागावरून सुटणारे आयन तिला अर्धवट झाकत असावेत. कित्येक पल्सरांत तर सरक दिसतच नाही. सौंदर्याने माझं मन जिंकलं, आणि त्याच सौंदर्यामुळे विरुद्ध पुरावा पाहताना मला स्वतःवर जास्त पहारा ठेवावा लागतो.

७. न आलेला स्पंद हीसुद्धा नोंद आहे. काही पल्सर मध्येच गप्प होतात. एक-दोन फेऱ्या, कधी शेकडो फेऱ्या, आणि मग काहीच झालं नाही असे परत सुरू होतात. डॉन बॅकर यांनी १९७० मध्ये हे नोंदवलं. सरासरी काढताना ही शांतता नुसती उंचवटा थोडा बुटका करते; एकेक स्पंद पाहिला तरच तिला आरंभ आणि शेवट असतो. मला सर्वांत जास्त शिकवलं ते बी १९३१+२४ ने. तो पाच ते दहा दिवस बोलतो आणि पंचवीस-पस्तीस दिवस गप्प राहतो. मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्याचा वेग तपासला, तेव्हा दिसलं की बोलत असताना त्याचं परिवलन जवळपास दीडपट वेगाने मंदावतं. ही साधी गोष्ट नाही. रेडिओ लहरींतून जाणारी ऊर्जा इतकी किरकोळ आहे, की तिच्या असण्या-नसण्याने ताऱ्याच्या गतीला काही फरक पडायला नको. म्हणजे गप्प होताना नुसता दिवा विझत नाही. ताऱ्यापासून दूर वाहणारा कणांचा प्रवाहच बदलतो. न दिसणाऱ्या प्रवाहाचं माप आम्हाला शांततेने दिलं.

८. एकाच खिडकीतून पाहणाऱ्याला अर्धंच घर दिसतं, हे मला एका एक्स-रे उपग्रहाने पटवलं. बी ०९४३+१० दोन वृत्तींत राहतो. कधी ठळक आणि शिस्तीचा, कधी मंद आणि विस्कळीत. बदल होतो तो एखाद्या सेकंदात. विम हर्मसन यांच्या गटाने त्याला एक्सएमएम-न्यूटन उपग्रहातून पाहिलं आणि त्याच वेळी खोडदहून जीएमआरटीने आणि युरोपातल्या लोफार दुर्बिणीने रेडिओत. रेडिओ मंदावला की एक्स-रेही मंदावेल, असा साधारण अंदाज. झालं उलटंच. रेडिओ मंद असताना एक्स-रे वाढले, आणि त्यांच्यात परिवलनाच्या तालावरचे स्पंदही दिसू लागले. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला हा निकाल अजून कुणालाही पूर्ण उलगडलेला नाही. या कामात माझा हात नव्हता, पण ज्या चौकातल्या डिशमधून मी ऐकते त्याच डिश त्यात होत्या याचा मला अभिमान आहे. तोवर मी स्पंद बदलला म्हणजे ठिणग्या बदलल्या, एवढाच विचार करत असे. आता ताऱ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राच्या पसाऱ्याचा, सबंध चुंबकांबराचा, विचार केल्याशिवाय पुढे जाववत नाही.

९. लहर किती जोरात आली याइतकंच ती कोणत्या दिशेने थरथरत आली, हेही महत्त्वाचं. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीतून व्ही. राधाकृष्णन आणि डी. जे. कुक यांनी वेला पल्सर पाहिला. राधाकृष्णन हे सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव. पुढे रामन संशोधन संस्थेचं नेतृत्व त्यांनीच केलं. त्यांना दिसलं, की एका स्पंदाच्या आरंभापासून शेवटापर्यंत ध्रुवीकरणाची दिशा झोकदारपणे वळत जाते. त्यांनी अर्थ लावला, की आपली दृष्टिरेषा चुंबकीय ध्रुवाजवळून जाते आणि वळते आहे ती चुंबकीय रेषांची दिशा. ध्रुवीकरणाच्या त्या एका वक्र रेषेने हे पक्कं केलं, की लहरी ध्रुवाच्या जवळून निघतात. इतकं थोडक्यात इतकं मोठं काही सांगणारं दुसरं निरीक्षण मला आमच्या विषयात ठाऊक नाही.

मात्र सरासरी रूपात ही वक्र रेषा अनेकदा विस्कटते. मधेच नव्वद अंशांच्या उड्या येतात, कारण एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन प्रकारच्या लहरी तिथे मिसळलेल्या असतात. दीपांजन मित्रा, यानुश गिल आणि जॉर्ज मेलिकिद्‌झे यांनी जीएमआरटीच्या नोंदींतून जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत असे सुटे उपस्पंद वेचून काढले. त्या वेचलेल्या स्पंदांत वक्र रेषा स्वच्छ दिसते, आणि प्लाझ्मातून सुटणाऱ्या वक्रता-प्रारणाच्या कल्पनेला त्यातून बळ मिळतं. २००९ चा हा निबंध वाचल्यावर माझी खात्री झाली, की मी ज्या सुट्या स्पंदांमागे लागले आहे तिथेच काही सापडेल.

१०. ‘कुठून’ हे ‘कसं’पेक्षा आधी कळतं. कमी वारंवारतेवर स्पंद रुंद होतो, कारण तो जास्त उंचीवरून, चुंबकीय रेषा जिथे अधिक पसरल्या आहेत तिथून येतो. फिरणाऱ्या ताऱ्यावर उंचीमुळे स्पंदाची वेळ किंचित पुढे-मागे होते; तेवढ्यावरून यशवंत गुप्ता आणि आर. टी. गंगाधरा यांनी बी ०३२९+५४ च्या वेगवेगळ्या घटकांच्या उंची काढल्या. रेडिओ लहरी पृष्ठभागापासून काहीशे किलोमीटरवर सुटतात, हे आता बऱ्याच मार्गांनी जुळून येतं. २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी दुर्बिणीला दिसणारे गॅमा किरण त्याहून फार दूरच्या भागातून येतात. एकच तारा, दोन वेगळी ठिकाणं.

११. ‘कसं’ या प्रश्नासमोर मी अजून विद्यार्थिनी आहे. आलेल्या लहरींवरून त्या जागेचं तापमान काढायला गेलं तर एकावर पंचवीस शून्यं आणि त्याहूनही जास्त अंश येतात. इतकं तापमान कशाचंच असू शकत नाही; म्हणजे हे उष्णतेचं प्रारण नव्हे. कण सुटे सुटे नाही, एकत्र बोलत आहेत. दिंडीत शेकडो टाळ आपापल्या वेळी वाजले तर नुसता कल्ला होतो. सगळे एका ठेक्यावर पडले की छातीत घुमतं. इथेही तसंच आहे, आणि गणितात तर ते फारच ठळक आहे. हजार कण सुटे बोलले तर हजारपट, एका ठेक्यात बोलले तर दहा लाखपट. प्रश्न असा, की त्यांना ठेका कोण देतं? प्लाझ्माच्या लाटांत कणांचे पुंजके जमतात आणि ते वक्र रेषेवरून धावताना प्रारण करतात, हे एक उत्तर. दुसरी उत्तरंही आहेत आणि प्रत्येकाचे समर्थक अभ्यासू आहेत. क्रॅब पल्सरच्या महास्पंदांत टिम हँकिन्स यांच्या गटाला २००३ मध्ये जेमतेम दोन नॅनोसेकंद टिकणारे फटकारे सापडले. प्रकाश तेवढ्या वेळात साठ सेंटिमीटर जातो. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरून आपल्यापर्यंत पोचणारा तो फटकारा एखाद्या टेबलाहून लहान जागेत घडला! जो सिद्धांत मांडाल त्याला हे पेलावं लागतं.

एकदा गावी गेले असताना मावशीने विचारलं, “इतकी वर्षं झाली गं, अजून सापडलं नाही तुला?” मी म्हटलं, “मलाच नाही, कुणालाच नाही, मावशी.” ती म्हणाली, “मग बरंच मोठं असणार ते.” माझ्या विषयाबद्दल इतक्या आपुलकीने दुसरं कुणी बोललेलं आठवत नाही.

१२. जुनी नोंद टाकून देऊ नये. सिद्धांत सांगतो, की परिवलन फार मंद झालं की ठिणग्या उडायचं थांबतं आणि पल्सर विझतो. १९९९ मध्ये ८.५ सेकंदांचा पल्सर हजर झाला आणि ती मर्यादा ढकलावी लागली. मग लोफारला २३.५ सेकंदांचा सापडला, मीरकॅट दुर्बिणीला ७६ सेकंदांचा. २०२३ मध्ये तर सुमारे बावीस मिनिटांनी स्पंद देणारा एक स्रोत जाहीर झाला. तो न्यूट्रॉन तारा आहे की श्वेत बटू, यावर वाद चालू आहे. जुन्या नोंदी उघडल्या तेव्हा तो थेट १९८८ पासून त्यांत बसलेला होता. कुणी शोधत नव्हतं म्हणून दिसला नव्हता. अरेसिबोची दुर्बीण १ डिसेंबर २०२० ला कोसळली. तिच्या टेप-डिस्कवर जे राहिलं तेवढंच आता तिच्या पाहण्यातून उरलं आहे. मी माझ्या कच्च्या नोंदींवर पल्सरचं नाव, तारीख, डिशची यादी, काय बिघडलं होतं, सगळं लिहून ठेवते. मला नको असलेलं त्यात पुढे कुणाला तरी हवं असेल.

१३. घड्याळवाल्यांनाही शेवटी आमच्याकडे यावं लागतं. नॅनोहर्ट्‌झ गुरुत्वीय लहरींचे पुरावे २०२३ च्या जूनमध्ये जगभरच्या गटांनी एकाच सुमारास मांडले, त्यात युरोपीय गटाबरोबर जीएमआरटीच्या नोंदी वापरणारा भारत-जपानचा गटही होता. तिथे ठोक्यांची अचूकता वाढवत नेताना एका टप्प्यावर दुर्बीण कितीही मोठी करून भागत नाही. प्रत्येक स्पंद थोडा वेगळा असतो, हीच अडचण होते. त्यांच्या लेखी जी खरखर, तो आमचा विषय. दोन्ही गट एका टेबलाशी बसू लागले याचा मला खरा आनंद आहे, आणि ते आणखी लवकर व्हायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

१४. प्रश्न छोटा केला की रात्र कामाला येते. ‘पल्सर कसा चमकतो’ याचं उत्तर एका सत्रात मिळत नाही. पण ‘तो गप्प होतो तेव्हा सगळ्या उंचीवर एकदमच होतो का’, हे विचारता येतं. वेगवेगळ्या दुर्बिणींनी निरनिराळ्या वारंवारतांवर एकाच वेळी काही पल्सर पाहिले गेले, तेव्हा शांतता बहुतांशी सगळीकडे एकदमच पसरलेली दिसली. या ‘बहुतांशी’मधून जे सुटले त्या थोड्या स्पंदांवर माझं लक्ष आहे. पुढच्या सत्रासाठी वेळ मागताना मी डिशचे दोन भाग करायचं म्हटलं आहे. अर्ध्या २५० ते ५०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, उरलेल्या ५५० ते ८५० मध्ये, आणि पल्सर एकच. वरच्या पट्ट्यातला स्पंद खालच्या उंचीवरून येतो. तिथे तो थांबल्यावर खालच्या पट्ट्यात एखादा तरी स्पंद मागे राहतो का, हे पाहायचं आहे. सोबत येणाऱ्या विद्यार्थिनीने बी ०८०९+७४ सुद्धा यादीत घातला आहे आणि त्या तिरप्या पट्ट्या तिला स्वतः मांडून पाहायच्या आहेत.